खड्या उतारावरून फोर बाय फोर खाली आणताना

चढाची हौस सगळ्यांना असते. पावसाळ्यात मुळशी-मावळाकडच्या एखाद्या मातीच्या टेकाडावर रविवारी जाऊन बघा. चढणाऱ्या गाडीला शिट्ट्या मिळतात, मोबाईल बाहेर निघतात. तीच गाडी पलीकडून उतरायला लागली की बघे वडापावकडे वळतात. खरं तर बघण्यासारखं तिथेच असतं. चढावर जमलं नाही तर गाडी थांबते, फार तर इंजिन बंद पडतं. उतारावर जमलं नाही तर गाडी थांबत नाही.

हा लेख मुख्यतः लो-रेंज (चाकं हळू पण जोरात फिरवणारा गिअरांचा जादा संच) असलेल्या फोर बाय फोर, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशा, गाड्यांसाठी आहे: थार, जिमनी, जुनी जिप्सी, गुरखा आणि त्यांची भावंडं. जमीन सह्याद्रीची धरली आहे, म्हणजे मुरूम, चिकणमाती, कातळ आणि वर पाऊस. लो-रेंज नसलेल्यांसाठीही पुढे थोडं लिहिलं आहे, पण त्यात त्यांना आवडेल असं फारसं काही नाही.

सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फिरणारं चाक वळतं, अडकलेलं चाक नुसतं घसरतं. ब्रेक दाबून चाकं लॉक केली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी उतार नेईल तिकडेच जाते. म्हणून अशा उतारावर वेग वाढल्यावर तो ब्रेकने कमी करत बसायचं नसतं. तो मुळात वाढूच द्यायचा नसतो. आणि हे ठरतं माथ्यावर, पुढचं चाक खाली झुकण्याच्या आधी. एकदा उताराला लागलात की हातात फारच थोडं उरतं.

आधी पायी उतरा

गाडी माथ्याच्या अलीकडे सपाटीवर उभी करा, हँडब्रेक ओढा, उतरा आणि अख्खा उतार चालून या. ड्रायव्हरने स्वतः चालायचं, मित्राला पाठवून "कसं आहे रे?" विचारलं की उत्तर नेहमी "आरामात जाईल" असंच येतं. धरून धरून, बसून घसरत उतरावं लागलं तर विषय संपला, दुसरी वाट शोधा.

सगळ्यात आधी उताराचा शेवट बघा. खाली मोकळी, सपाट जागा आहे की लगेच ओढा, झाड, वळण, शेताचा बांध? गाडी हाताबाहेर गेली तर ती कुठे जाऊन थांबेल, या प्रश्नाचं उत्तर "झाडावर" किंवा "दरीत" असेल तर उतार कितीही सोपा दिसो, मी तरी तिथून गाडी घालणार नाही. उलट, खाली पन्नास पावलं सपाट गवत असेल तर बऱ्यापैकी खडा उतारही शिकायला चांगला.

मग टाच रोवून बघा. टाच मातीत रुतते, की वरचे खडे बाजूला सरकतात? जांभ्या दगडाचा बारीक मुरूम कडक जमिनीवर पसरलेला असेल तर तो फसवा असतो: कोरडा दिसतो, टणक दिसतो, आणि चाकाखाली सरकतो. ओली चिकणमाती तर टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून टाकते; त्यानंतर टायर कितीही महागडा असला तरी गुळगुळीतच. शेवाळलेला कातळ आणि ओला पालापाचोळा यांच्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या किती खोल आहेत तेही बघा. खोल चाकोरी एका अर्थी बरी, ती गाडीला सरळ ठेवते. पण दोन चाकोऱ्यांमधला उंचवटा तुमच्या डिफरन्शियलला (दोन चाकांच्या मधल्या गिअरच्या गोळ्याला) टेकणार असेल, किंवा एक चाकोरी दुसरीपेक्षा बरीच खोल असेल आणि गाडी एका बाजूला कलणार असेल, तर त्या टाळा.

जाता जाता एक: जमीन कोणाची आहे ते आधी माहीत करून घ्या. खासगी माळ असेल तर मालकाला विचारा. वनखात्याची जमीन, अभयारण्य, किल्ल्याची वाट असेल तर परवानगीशिवाय गाडी घालायचीच नाही.

उतार किती? अंदाजावर जाऊ नका

डोळा उताराच्या बाबतीत फार खोटं बोलतो. बोरघाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे, म्हणजे जेमतेम दीड अंश; तेवढ्यासाठीही गाड्यांना मागून जादा इंजिनं लावावी लागतात. आपले घाटरस्ते साधारण ५-६ टक्क्यांचे, म्हणजे तीन-साडेतीन अंशांचे. या सवयीच्या डोळ्यांना २० अंशांचा मातीचा उतार ड्रायव्हरच्या सीटवरून सरळ विहिरीसारखा दिसतो. मोबाईलमध्ये कोन मोजणारं ॲप असतं. एक सरळ काठी उतारावर ठेवून तिच्यावर फोन ठेवला की कोन कळतो. टक्के आणि अंश यांची गल्लत करू नका. १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, ९० नव्हे.

आता थोडं गणित, कारण इथे ते खरोखर उपयोगी आहे. गाडी उतारावर टिकेल की घसरेल हे घर्षणांकावरून, म्हणजे टायर आणि जमीन यांच्यातल्या पकडीच्या मापावरून ठरतं, आणि ती मर्यादा गाठणारा कोन गाडीच्या वजनावर अवलंबून नसतो. कोरड्या, घट्ट, खरबरीत मातीचा घर्षणांक ०.६ धरला तर ती मर्यादा ३१ अंशांच्या आसपास येते. ओल्या चिकणमातीचा ०.२५ धरला तर ती फक्त १४ अंश. याचा अर्थ असा की एप्रिलमध्ये ज्या २० अंशांच्या उतारावरून तुम्ही गप्पा मारत खाली आलात, त्याच उतारावर जुलैमध्ये गाडी चारही चाकं बंद करून उभी केली तरी घसरत जाईल. त्याला ड्रायव्हरचं कौशल्य, फोर बाय फोर, इलेक्ट्रॉनिक्स यांतलं काहीही पुरं पडत नाही. "गेल्या वेळी उतरलो होतो" हा युक्तिवाद पावसाळ्यात कोणी केला तर त्याला हा हिशेब दाखवा.

गाडीचे कोनही माहीत हवेत. तीन दारांच्या थारचा पुढचा ॲप्रोच अँगल कंपनी ४१.८ अंश देते, पोटाखालचा ब्रेकओव्हर २७ अंश. पाच दारांच्या जिमनीचे हेच आकडे ३६ आणि २४. उताराच्या तळाशी जिथे जमीन एकदम सपाट होते, तिथे बंपर रुततो तो ॲप्रोच अँगल कमी पडल्यामुळे. माथ्याच्या धारदार कडेवर पोट टेकतं ते ब्रेकओव्हर कमी पडल्यामुळे. पोट टेकून गाडी कडेवर अडकणं हा फार वाईट प्रकार. पुढची चाकं उताराकडे, मागची अर्धी हवेत, आणि पुढे ढकलावं तर ती एकदम सुटते. कड धारदार असेल तर फावड्याने जरा तासून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

माथ्यावरची तयारी

लो-रेंज माथ्यावरच, सपाटीवर लावा. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून (ऑटोमॅटिक असेल तर गिअर न्यूट्रलला घेऊन) ट्रान्स्फर केसचा (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर फोर लोवर, म्हणजे चारही चाकं लो-रेंजमध्ये, न्या. उतारावर उभं राहून हे कधीही करू नका. फोर हायवरून (चारही चाकं, नेहमीचे गिअर) फोर लोवर जाताना ट्रान्स्फर केस मध्ये न्यूट्रलमधून जातो, आणि त्या क्षणी इंजिन आणि चाकं यांचा संबंध पूर्ण तुटलेला असतो. गिअरबॉक्स पहिल्यात असो की ऑटोमॅटिक पार्कमध्ये असो, गाडीला धरून ठेवायला फक्त ब्रेक उरतो. लिव्हर अर्धवट अडकला की काय होईल याची कल्पना करा. डॅशबोर्डवर फोर लोचा दिवा स्थिर झाला आणि गाडी एक-दोन फूट पुढे घेऊन खात्री झाली, मगच पुढे.

फोर लो कशासाठी? दोन कारणं. पहिलं वेगाचं. पाच गिअरच्या जिमनीत पहिला गिअर, ट्रान्स्फर केसची साधारण दुप्पट घट आणि डिफरन्शियल मिळून इंजिनच्या ३६ फेऱ्यांना चाक एकदा फिरतं. इंजिन ८०० आरपीएमवर (मिनिटाला ८०० फेऱ्या) आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता चालू असेल तर गाडी तासाला जेमतेम तीन किलोमीटरने सरकते, म्हणजे चालणाऱ्या माणसापेक्षाही हळू. हाय-रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये हाच वेग जवळपास सहा होतो, आणि उताराने इंजिनला ढकलत ३००० आरपीएमवर नेलं तर बावीस.

दुसरं कारण लोक विसरतात. टू-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिनचा अडसर (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन चाकांना मागे धरतं तो) फक्त मागच्या चाकांवर येतो. उतारावर गाडीचं वजन पुढे सरकतं. थारसारख्या आखूड गाडीत २५ अंशांवर ढोबळ हिशेबाने दोनतृतीयांश भार पुढच्या चाकांवर जातो. म्हणजे आधीच हलकी झालेली मागची चाकं तुम्ही अडवताय. ती सुटतात आणि गाडीची शेपटी पुढे यायला बघते. फोर लोमध्ये पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांना बांधलेला असल्याने तोच अडसर चारही चाकांत वाटला जातो, आणि भार असलेली पुढची चाकं खरं काम करतात.

एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचा. मातीवरही सुरुवातीला हे धरून चालायला हरकत नाही: कोरडी जमीन, दगड, खडा उतार असेल तर लो-रेंजचा पहिला. पण ओल्या चिखलावर पहिला गिअर कधी कधी जास्तच अडवतो. जमीन सरकतेय त्यापेक्षा चाक हळू फिरायला लागतं आणि ब्रेक न दाबताही गाडी घसरू लागते. तिथे लो-रेंजचा दुसरा बरा. जिमनीत तो आयडलला साधारण साडेपाचचा वेग देतो. कुठला लावायचा हे पायी चालताना टाचेनेच सांगितलेलं असतं.

टायरची हवा रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असेल तर मातीवर २०-२२ वर आणा; टायर जमिनीला जास्त भिडतो. साध्या रिमवर १५ च्या खाली नको, टायर रिमवरून सुटू शकतो. टोकदार काळा दगड जास्त असेल तर इतकीही कमी करू नका, कडा फाटतात. आणि परत भरायला कंप्रेसर सोबत नसेल तर हवा सोडूच नका.

गाडीतलं सुटं सामान बांधा. जॅक, पाना, पाण्याचा कॅन, फ्लास्क ही मंडळी उतारावर तुमच्या मानेच्या दिशेने निघतात आणि एखादी बाटली ब्रेक पेडलखाली जाऊन बसते. छतावरचं कॅरिअर रिकामं करा. बाकीच्यांना खाली उतरवा. त्यांनी गाडीच्या पुढे उतारावर उभं राहायचं नाही, बाजूला आणि शक्यतो वर. खुणा करायला एकच माणूस, तोही वाटेच्या कडेला. चार जण चार दिशांनी "लेफ्ट, लेफ्ट!" ओरडत असतील तर गाडी थांबवून आधी त्यांना गप्प करा. उतारावर एका वेळी एकच गाडी, आधीची तळाशी पोचून बाजूला झाल्याशिवाय दुसरीने कडेवर यायचं नाही.

आता खाली

सीट थोडी सरळ, बेल्ट घट्ट, अंगठे स्टिअरिंगच्या आत न अडकवता रिमवर. दगडाने चाकाला हिसका दिला की स्टिअरिंगचा आरा अंगठ्यावर बसतो. कडेवर गाडी अगदी हळू आणा. बॉनेटपुढे आकाशाशिवाय काही दिसत नाही, अशा वेळी बाजूच्या माणसाच्या खुणेवर जा किंवा आधी चालताना हेरून ठेवलेलं पलीकडचं झाड धरा.

गाडीचं तोंड थेट उताराच्या दिशेला हवं. पाणी ओतलं तर ज्या रेषेने वाहील, ती रेषा. तिरकं उतरलं की उतार कमी लागतो असं वाटतं. प्रत्यक्षात गाडी कुशीवर कलते, खालच्या बाजूचं चाक खड्ड्यात आणि वरचं दगडावर गेलं की उलटायला फार लागत नाही. सरळ उतरणारी गाडी घसरली तरी सहसा चाकांवरच राहते.

पुढची चाकं खाली झुकली की उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. डावा पाय क्लचवरून काढून सरळ फ्लोअरवर ठेवा, क्लचच्या वर तरंगत नाही. भीती वाटली की सवयीने दोन्ही पाय दाबले जातात, आणि उतारावर क्लच दाबणं म्हणजे गाडी न्यूट्रलला टाकणं. इंजिन ओरडेल, आरपीएम थोडे चढतील, गाडी गुरगुरत खाली जाईल. तिला जाऊ द्या.

वेग तरीही वाढतोय असं वाटलं तर ब्रेकला हात लावायचाच नाही असं नाही. हलका, सलग दाब द्या, चाक थांबणार नाही इतकाच. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलेल्या गाडीत सैल मातीवर पेडल जोरात दाबलं तर एबीएस ब्रेक सोडत-धरत राहतो आणि थांबायचं अंतर वाढतं, कारण लॉक झालेल्या चाकापुढे मातीचा जो ढीग साचून अडसर झाला असता तो साचतच नाही. पण त्या ढिगाच्या मोबदल्यात स्टिअरिंग गेलं असतं, हेही लक्षात ठेवा. आणि नुकताच ओढा पार करून आला असाल तर उताराला लागण्याआधी सपाटीवर ब्रेक दोन-तीनदा हलके दाबून सुकवा. थार आणि जिमनी दोघींच्या मागच्या चाकांना ड्रम आहेत, पाणी आणि गाळ त्यात रेंगाळतो.

इंजिन कधीही बंद करू नका. बंद झालं की पेडल हलकं करणाऱ्या ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच उरतो, मग पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंगही गेलेलं असतं.

मागचा भाग बाजूला यायला लागला तर

हा उतारावरचा सगळ्यात नाजूक क्षण, आणि इथे शरीर जे करायला सांगतं ते बरोबर उलटं असतं. पाय ब्रेककडे जातो. तो थांबवा. ब्रेकवर आधीच असेल तर सोडा. गाडीचं तोंड पुन्हा उताराच्या रेषेत येईल असं स्टिअरिंग फिरवा: मागचा भाग डावीकडे सरकत असेल तर स्टिअरिंगही डावीकडे. आणि ॲक्सिलरेटर किंचित द्या, अगदी बोटभर. उतारावर गॅस देणं वेडेपणाचं वाटतं. पण घसरण्याचं कारणच हे असतं की जमिनीवरून गाडी ज्या वेगाने जातेय त्यापेक्षा चाकं हळू फिरतायत. चाकांना तो वेग मिळाला की टायर पुन्हा पकडतो, स्टिअरिंग परत येतं, मग हळूच गॅस सोडायचा. हे करायला खाली मोकळी जागा लागते. उताराचा शेवट आधी बघा म्हटलं ते याचसाठी.

हे कोणत्याही लेखातून पायात उतरत नाही. पाच-सहा अंशांच्या ओल्या गवताच्या उतारावर, खाली भरपूर मैदान असताना, मुद्दाम करून बघा.

बटणवाले आणि ऑटोमॅटिकवाले

हिल डिसेंट कंट्रोल, म्हणजे उतारावर वेग आपोआप आवरणारं बटण, पहिल्यांदा आलं ते १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये, आणि त्यामागचं कारण मजेशीर आहे: त्या गाडीला लो-रेंजच नव्हती. ती उणीव भरून काढायला ब्रेककडून काम करून घेतलं. आजही ते तेच करतं. प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगवेगळा धरत-सोडत वेग ठरावीक ठेवतं. पायाने एका वेळी एकाच चाकाला ब्रेक लावता येत नाही, त्यामुळे खडबडीत, एखादं चाक हवेत जाणाऱ्या उतारावर ते माणसापेक्षा सरस ठरतं. खालून घर्र-घर्र आवाज येतो, पेडल थरथरतं. घाबरून पेडल दाबू नका. लांब उतारावर ब्रेक तापले की काही गाड्यांत ते स्वतःहून बंद होतं. म्हणून लो-रेंज असेल तर आधी ती आणि पहिला गिअर, बटण त्याच्या जोडीला. आणि घर्षणांकाचं वरचं गणित बटणालाही लागू आहे.

ऑटोमॅटिकमध्ये डी वर उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर अडकवून ठेवा. क्लचच्या जागी असलेला टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरत असल्यामुळे इंजिनचा अडसर मॅन्युअलपेक्षा कमी मिळतो, ब्रेकचा हलका आधार जास्त लागतो.

लो-रेंज नसलेली एसयूव्ही असेल तर पहिला गिअर, हिल डिसेंट असल्यास ते, आणि कोरडा, छोटा, सरळ उतार. त्यापलीकडे वाट बदला.

अर्धवट चढून अडकलात तर

हाही उतारच, फक्त उलटा, आणि माझ्या मते सरळ उतारापेक्षा धोक्याचा. गाडी चढावर दम तोडते, इंजिन बंद पडतं, आणि ड्रायव्हर तिथेच वळवायला बघतो. चढावर गाडी आडवी घालणं हा उलटण्याचा राजमार्ग आहे. ज्या रेषेने वर गेलात त्याच रेषेने मागे यायचं. क्रम चुकवू नका:

१. फूटब्रेक घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. पेडल वर-खाली करू नका, व्हॅक्यूम संपतो. हँडब्रेक ओढा, फोर लोमध्ये तो चारही चाकांना धरतो.

२. क्लच दाबून लो-रेंजमध्येच रिव्हर्स टाका. इंजिन सुरू करा. जुन्या जीप-जिप्सीत क्लच न दाबता, रिव्हर्समध्येच चावी फिरवली तरी स्टार्टर गाडीला मागे ढकलत इंजिन चालू करतो. बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही.

३. पुढची चाकं सरळ आहेत ना, खिडकीतून डोकं काढून बघा. मागची वाट आरशात बघा, मागे कोणी उभं नाही याची खात्री करा.

४. हँडब्रेक खाली घ्या, फूटब्रेक हलका करत त्याच वेळी क्लच सोडा; ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला तर इंजिन पुन्हा बंद पडेल. क्लच पूर्ण सुटला की फूटब्रेक हळूहळू मोकळा. इंजिनला गाडी धरू द्या.

५. स्टिअरिंगची हालचाल अगदी थोडी. मागे जाताना पुढचं तोंड पटकन भरकटतं, आणि एकदा वळलं की सावरायला जागा नसते.

न्यूट्रलमध्ये टाकून नुसत्या ब्रेकवर मागे येऊ नका. इथे भार मागच्या चाकांवर गेलेला असतो, पुढची हलकी असतात. ती लॉक झाली की दिशा तुमच्या हातात नाही.

तळाशी

उतार संपायला एक-दोन मीटर राहिले की ब्रेकवर पाय असेल तर काढा. ब्रेक दाबलेला असताना पुढचे स्प्रिंग दबलेले असतात आणि बंपर खाली आलेला असतो. सोडला की तोंड दोन-चार बोटं वर येतं, आणि तेवढ्याने बंपर वाचतो. जमीन सपाट झाल्यावर लगेच थांबू नका, मागच्याला जागा द्या.

मग उतरून खाली वाकून बघा: ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, डिफरन्शियलचं कव्हर, टायरच्या आतल्या कडा. चाकाजवळ जळका वास येत असेल तर दहा मिनिटं थांबा, तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका. हवा भरा. डांबरी रस्ता लागायच्या आधी टू हायवर (दोनच चाकं, नेहमीचे गिअर) या. पार्ट-टाइम फोर-व्हील ड्राइव्ह (पुढचा-मागचा ॲक्सल बांधून टाकणारी) कोरड्या डांबरावर वळणात चालवली की ट्रान्स्फर केसवर ताण येतो. आणि परतीच्या घाटात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायची सवय असेल तर ती सोडा. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी ते जळतच राहतं.